पलंगाखाली गौराई

सातपूरच्या खोलीत अंधार मिळत नाही.
समोरच्या कंपनीचा हॅलोजन
रात्रभर पत्र्याच्या फटीतून आत येतो,
भांडी मोजतो, माझी बोटं मोजतो.
तरी टोपली पलंगाखाली सरकवली,
पुढं गोधडी टांगली, ती एका बाजूनं आखूड,
तिथं पॅकिंगचा खोका लावला.
खोक्यावर बाण आणि अक्षरं: ही बाजू वर.

वारुळाची माती पेठच्या एस्टीनं आली,
काशिरामदादाच्या पिशवीत, सुकटीशेजारी.
नागली, वरई, भात, उडीद, तूर,
सहावा मका.
सातवं आईनं सांगितलेलं विसरले,
म्हणून दुकानातले गहू टाकले
आणि कुणाला बोलले नाही.

नऊ दिवस पाणी.
पहिली पाळी असली की पहाटे पाचला,
दुसरी असली की रात्री बारानंतर.
पाड्यावर आम्ही अकरा पोरी असायचो,
एकीचा श्वास संपला की गाणं दुसरी उचलायची.
इथं मी एकटी,
आणि गाणं पुटपुटावं लागतं,
भिंतीपलीकडचा पोरगा नीटचा अभ्यास करतो.

आखातीच्या आदल्या दिवशी
अहिररावबाई दारात उभ्या.
"माती आणलीस ना गं? चार ढेकळांपुरती दे."
त्या सटाण्याकडच्या, त्यांच्यात आखाजी म्हणतात.
गेलेल्या माणसासाठी घागर भरतात,
घागरीवर आंबा, शेजारी सांजोरी,
आणि बुडाशी चार ढेकळं, चार महिन्यांची:
जेठ, आखाड, श्रावण, भादवा.
घागर पाझरते.
ज्या ढेकळाला ओल, त्या महिन्याला पाऊस.
शेत विकून त्यांना सतरा वर्षं झाली.
मी विचारलं, मग पाऊस कुणासाठी बघता?
म्हणाल्या, "ह्यांना सवय आहे. विचारतील."

सकाळी टोपली ओढली.
गौराई पिवळी असते,
हळदीत बुडवून काढलेल्या दोऱ्यांची,
ऊन कसलं असतं ते ठाऊक नसलेली.
आम्ही ती डोक्यावरून नदीला न्यायचो
आणि वाटेत भेटेल त्या माणसाच्या कानावर
दोन काड्या खोवायचो.

माझी हिरवी आली.
नुसती हिरवी नाही, कललेली,
सगळी एका अंगाला, फटीकडं,
नऊ रात्री त्या दिव्याला
सूर्य समजत राहिलेली.

फोन लावला.
"हिरवी?" आई म्हणाली.
मग बराच वेळ कोंबड्याच ऐकू आल्या.
मी गव्हाचंही सांगून टाकलं.
"ऱ्हाऊ दे. रातपाळीची हाये ती.
नदीला ने, पण ह्या गटारीत नको."

नंदिनी आमच्या गल्लीमागूनच वाहते,
तिच्या पाण्याला साबणाचा फेस
आणि दर शुक्रवारी वेगळा वास.
म्हणून सोमेश्वरची बस धरली,
टोपली मांडीवर, वर ओढणी.
कंडक्टर आला. तिकीट दिलं.
ओढणीचं टोक वाऱ्यानं उडालं तसा थांबला,
काही बोलला नाही.
कानावरचा पेन काढून खिशात ठेवला
आणि कान पुढं केला.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे.
गोदावरी पोटरीभर होती,
दगड तापलेले, एक कुत्रं सावलीत.
गाणं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं,
मधे श्वास संपला तिथं संपू दिलं.
टोपली रिकामी, परत आणली,
बांबू चांगला आहे, पुढच्या साली होईल.

दुसऱ्या पाळीला निघाले तेव्हा
अहिररावबाईंचं दार उघडं होतं.
घागर बाजूला, चार ढेकळं फरशीवर.
तीन ओली. श्रावण कोरडा ठणठणीत,
माझ्या आईच्या वारुळाचा.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
घागरीत बोट बुडवलं,
आणि श्रावणावर हलकेच फिरवलं,
लहान पोराच्या टाळूला तेल लावतात तसं.

"ह्यांना सांगू नको," म्हणाल्या.